कूलरच्या वाऱ्यावर निंभोऱ्याले

सांगून ठेवतो, यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता. पण त्या नावेत मी स्वतः बसलेलो होतो, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

असं म्हणून मी खाटेवर मांडी ठोकली. तेवढ्यात जमुनाने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, निखाऱ्यांवरचा रोडगा उलटवता उलटवता टोला हाणला.

"दादा, तुह्यावर इस्वास बसन अशी गोठ तू जन्मात कधी सांगितली काय?"

"नाही सांगितली," मी म्हटलं. "म्हणून तर हे खरी असून कोणी मानणार नाही."

निंभोऱ्याला महादेवरावांच्या शेतात, आंब्याखाली आम्ही सारे जमलो होतो. महादेवराव म्हणजे जमुनाचे यजमान. ज्येष्ठ लागला होता, जमीन नांगरून पडली होती, आणि लग्नानंतर लेक-जावई पहिल्यांदा आले म्हणून रोडग्यांचा बेत होता. रोडग्याचं एक बरं असतं. कणकेचे ते जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात टाकले की ते आपल्या सवडीने भाजतात. तोवर माणसांना बोलण्यावाचून दुसरा उद्योग नसतो, आणि माझ्यासारख्याचं फावतं.

त्या दिवशी मात्र मी गंमत म्हणून बोलत नव्हतो. माझं काम अडलेलं होतं.

चुलीपलीकडे माझी भाची दामिनी विळीवर वांगी चिरत बसली होती. माझ्याकडे पाठ करून. लग्न होऊन महिना उलटला, पण पोरगी माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. फोन केला की तो नवऱ्याच्या हातात देई. सकाळी मी आल्यावर पाया पडली, पण तोंड मिटून. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून चांदूर बाजारचा सारा बाजार पाहिलेली पोरगी ही!

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीला हाताला धरून मांडवात आणायचं काम मामाचं. दामिनीला मामा एकच, तो मी. आणि लग्नाच्या वेळी मी नव्हतो. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, भटजींची मंगलाष्टकं ओठांवर येऊन थांबली, मुहूर्त टळला, तरी मामाचा पत्ता नाही. शेवटी शेजारच्या नत्थुजीला मामा केलं. नात्याचा ना गोत्याचा, पण मिशी मोठी. आता अल्बममध्ये जिथे माझं तोंड असायचं तिथे पानोपानी नत्थुजीची मिशी आहे.

तेव्हा मला एवढंच हवं होतं: पोरीने तोंड उघडावं. शिवी दिली तरी चालेल.

"पण मामाजी," जावईबापू म्हणाले, "तुमची त गाडी चुकली होती ना?" जावयांचं नाव गजेंद्र. अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये शिकवतात. माणूस सरळ, शंका आली की हात वर करून विचारणारा.

"तसा फोन बुधाजीनं केला होता. खरं सांगितलं असतं तर तुमी त्याले येडा म्हटलं असतं. म्हणून त्या बिचाऱ्यानं साधंसं खोटं सांगितलं."

"मंग खरं काय?"

"खरं हे, की मी नावेनं येऊन राहिलो होतो."

विळीची करकर क्षणभर थांबली. मग पुन्हा सुरू झाली, पण आता फोडी बारीक पडत होत्या.

"नावेनं!" जमुना ओरडली. "वैशाखात! पूर्णेले पाणी कुठलं रे बाप्पा?"

"धरणातून सोडलं होतं. प्यायसाठी सोडतात तसं."

"आमच्याकडे त नाही आलं," महादेवराव म्हणाले.

"आलं होतं. तुमी सारे मांडवात होते. नदीकडे पाहाले कोणाले फुरसत होती?"

महादेवरावांनी विचार केला आणि मान हलवली. पहिलं दार उघडलं. मी पुढे निघालो.

नाव बुधाजीची. बुधाजी माझा लंगोटीयार, सारी हयात बैलजोडीमागे गेलेला. गुडघे धरल्यावर पोरांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला, आणि त्याला हाकायला काही राहिलं नाही. तेव्हा धरणावरच्या मासेमारांनी टाकून दिलेली एक लाकडी नाव त्याने आणली. डांबर लावलं, रंग दिला, आत खाट टाकली, माठ ठेवला, ऊन लागू नये म्हणून वरून तट्ट्या बांधला. आणि पुढच्या टोकाला बैलगाडीचं जू ठोकलं.

"जू कायले?" मी विचारलं.

"जुवाबिगर गाडी उघडीनागडी दिसते," बुधाजी म्हणाला.

शिंगांना लावतात तो हिंगूळही त्याने नावेच्या दोन्ही टोकांना लावला होता, आणि गळ्यात घुंगरमाळ. पण ही सारी शोभा. खरी करामत मागच्या बाजूला होती. तिथे त्याने घरचा पत्र्याचा कूलर बसवला होता. तोच आपला, बाजूला गवताच्या जाळ्या असलेला, चालू झाला की अख्खा वाडा थरथरवणारा. रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेताला झटका मशीन लावतात ना, तिची बॅटरी आणि सोलर प्लेट त्याला जोडलेली. कूलरचं तोंड मागे केलं की वारा मागे, नाव पुढे.

"हे मात्र बरोबर हाय," गजेंद्र एकदम म्हणाले. "तिसरा नियम. जेवढा जोर मागं, तेवढा पुढं."

"पाहा! शिकलेल्या माणसाले पटलं!" मी म्हटलं.

पण त्यात एक मेख होती. वैशाखाचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. कूलरचं तोंड मागे ठेवलं तर नाव चालायची, पण आत आम्ही दोघं भट्टीतल्या चण्यांसारखे फुटायचो. तोंड आमच्याकडे फिरवलं तर थंडगार वाटायचं, पण नाव जागच्या जागी. एवढंच नाही, मागे मागे सरकायची. म्हणजे थंडावा पाहिजे तर निंभोरा दूर जाणार, आणि निंभोरा पाहिजे तर अंग भाजणार.

"मंग तुमी काय केलं?"

"भाचीसाठी भाजून घेतलं. थोडंसं. मग थोडं थंड झालो. मग पुन्हा भाजून घेतलं. लग्नाले अजून चिक्कार दिवस होते, जवाईबापू, घाई कोणाले होती?"

विळी जरा जोरात चालली. मी आवाज चढवला.

तुम्हाला सांगतो, राजेहो, नदीतून जाण्यात जे सुख आहे ते एस.टी.त नाही. रस्त्यावरून गेलं की गाव आपलं तोंड दाखवतं: फलक, पुतळा, पानठेला, नेत्यांचे वाढदिवस. नदीतून गेलं की गावाची पाठ दिसते. वाळत घातलेल्या गोधड्या, उकिरड्यावर भांडणारे कोंबडे, बायकोला न सांगता बिडी ओढणारे पुरुष. सगळं खरं खरं. आणि पाण्यावर नाव अशी चालते की विचारही सावकाश येतात. एक विचार आसेगावला सुरू झाला तर दोन गावं गेली तरी अर्धाच. खंड्या पक्षी जुवावर येऊन बसायचा, आम्हाला पाहायचा, आणि ही काही मासे पकडणारी माणसं नाहीत हे ओळखून उडून जायचा.

एकच अडचण. काठावर कोणीही दिसलं की हाक यायची, "कुठी चालले पाव्हणे? या, चहा घ्या!" आता वऱ्हाडात चहाला नाही म्हणणं म्हणजे त्या घराशी जन्माचं वैर. म्हणून नाव बांधायची, चढून वर जायचं, चहा घ्यायचा, उतरून यायचं, सोडायची, आणि पुढच्या वळणावर तोच चहा. साखर वाढायची बुधाजीची, आणि लघवीला थांबायची नाव. म्हणजे बघा, नाव चालवणं हा काही आमचा धंदाच राहिला नाही. आमचा धंदा नाव बांधणं हाच झाला.

आणि बांधण्यातच सगळा घोळ झाला.

भर दुपार होती. ऊन असं की पाण्यालाही चटके बसत होते. आम्ही जेवायला थांबलो. बुधाजीला पाण्यात एक मोठा काळा दगड दिसला, गुळगुळीत, चकचकीत. त्याने नावेचं दावं दगडाला बांधलं, चांगली बैलगाठ मारली.

"त्या दगडाले शिंगं हायत," मी म्हटलं.

"नदीतले दगड झिजून कसेबी होतात," बुधाजी म्हणाला.

आम्ही भाकर खाल्ली, कूलर आपल्याकडे वळवला आणि झोपलो. जाग आली ती धक्क्याने. धाडकन नाव उचलली गेली आणि आदळली. मी म्हटलं, नदीत स्पीडब्रेकर कोणी टाकला? डोळे उघडले तर उजवीकडे पानठेला, डावीकडे ग्रामपंचायत, आणि मागून एक मोटरसायकलवाला हॉर्न देत होता. "ओ काका, साइड द्या ना!" आम्ही गावाच्या मधोमध, सिमेंटच्या रस्त्यावरून चाललो होतो. पुढे दावं, आणि दाव्याच्या टोकाला आमचा दगड शेपटी हलवत घराकडे निघालेला.

"म्हैस!" जमुनाने कपाळावर हात मारला. "म्हशीले नाव बांधली!"

"पाण्यात बसलेली म्हैस अन् दगड यात काय फरक असते, सांग? डोळे मिटलेले, कान बुडालेले."

"मामाजी," गजेंद्रने हात वर केला, "एक म्हैस कोरड्या रस्त्यावर एवढी नाव ओढू शकन? घर्षण केवढं!"

"तुमी क्लासमध्ये काय शिकवता, जवाईबापू?"

"फिजिक्स."

"म्हशीले शिकवलं काय?"

"नाही."

"म्हणून तिनं ओढली."

महादेवराव हसता हसता ठसकले. विळीवरची वांगी संपली होती आणि पोरगी आता नुसती देठं चिरत होती.

म्हैस गेली ती सरळ आपल्या गोठ्यात. नाव दारात अडकली. घरातून सुंदराबाई बादली घेऊन बाहेर आली. वय झालेली, ताठ कण्याची बाई. तिने म्हैस पाहिली, दावं पाहिलं, नाव पाहिली, नावेतले दोन म्हातारे पाहिले. चेहऱ्यावर काही नाही.

"म्हैस माही हाय," ती म्हणाली. "बाकीचं कोणाचं हाय?"

आम्ही सारं सांगितलं. भाचीचं लग्न, मामाचा मान, सारं. ती म्हणाली, "मंग जा की."

"म्हैस नदीकडे वळवून द्या."

"ते उद्या सकायी जाईन. आता दूध काढाचं हाय."

तेवढ्यात म्हशीला कूलरचा वारा लागला. आणि राजेहो, जी म्हैस रोज लाथा झाडायची तिने डोळे मिटले, आणि अशी धार सोडली की बादली भरली, घागर भरली, शेवटी सुंदराबाईने आमचा माठ मागून घेतला. सकाळी म्हैस निघाली, आम्ही मागे निघालो, आणि नदीवर येऊन पोचलो. पण म्हशीला कूलरची चटक लागली होती. दावं सोडलं तरी ती दुपारपर्यंत आमच्यामागे पोहत आली. कूलरचं तोंड मागेच होतं ना! वारा तिलाच लागायचा.

"मंग?" महादेवराव पुढे सरकून बसले होते.

"मंग काय, सुंदराबाई काठाकाठानं हाका मारत आली, अन् घेऊन गेली. जाताना मले म्हणे, 'भाऊ, तुमची भाची भाग्याची. माह्या लग्नात माहा मामा बैलगाडीनं आला तरी उशिरा आला होता.' पाहा, दामिने, जगात उशिरा येणारा मी एकटा नाही."

पाठ हलली नाही. मी रोडग्याकडे पाहिलं. रोडगे फुगत होते. वेळ कमी होती.

पुढे आलं खारपाण. पूर्णेच्या दोन्ही काठांना जमिनीतलं पाणी खारट, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे? मीठ घातल्यासारखं पाणी. आणि खारट पाण्यात वस्तू जास्त तरंगते. आमची नाव इतकी तरंगली, इतकी तरंगली, की पाण्याच्या वर वीतभर उचलली गेली. काठावरची पोरं वाकून नावेखालून पलीकडच्या काठावरच्या पोरांना टाटा करत होती.

"हे नाही होऊ शकत," गजेंद्र म्हणाले.

"काहून नाही होऊ शकत?" महादेवराव एकदम उसळले. "आमचं खारपाण तुमाले माहीत नाही, जवाईबापू. आमच्या विहिरीच्या पाण्याचं वरण केलं की मीठ घालाच नाही लागत. होऊ शकते!"

घ्या! गावच्या पाण्याचा अभिमान माझ्या मदतीला धावून आला. मी महादेवरावांना बिडी दिली.

तर म्हशीवरून आम्ही धडा घेतला होता. जे हलेल त्याला नाव बांधायची नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी एका पुलाशी पोचलो तेव्हा बुधाजी म्हणाला, "पूल काही घरी जात नाही." धरणाचं पाणी तेव्हा जोरात होतं, नदी पुलाच्या कठड्याला टेकलेली. बुधाजीने दावं कठड्याला बांधलं. आणि इथे त्याचा जन्माचा धंदा आडवा आला. बैल बांधताना दावं कसं बांधतात? आखूड. लांब सोडलं तर तो शेजारच्याच्या कुटारात तोंड घालतो. बुधाजीने नाव तशीच बांधली, आखूड, पुढून एक आणि मागून एक. आम्ही तासभर पडलो.

तेवढ्यात तिकडे धरणावर कोणीतरी पाणी बंद केलं.

जाग आली तर नदी खाली, लांब खाली, पायजम्याच्या नाडीएवढी. आणि आम्ही पुलाच्या कठड्याला, हवेत, पाळण्यासारखे लोंबकळत. बुधाजी म्हणाला, "हलू नको." मी म्हटलं, "श्वास घेऊ काय?" म्हणे, "सावकाश."

आणि अशात दर्यापूरची एस.टी. पुलावर आली आणि समोर ट्रॅक्टर आल्याने आमच्या शेजारी थांबली. गाडी अशी खच्चून भरलेली की माणसं खिडकीतून ओघळत होती. एका म्हातारीने खिडकीतून आमची नाव पाहिली. आत खाट, माठ, कूलर. तिने आधी पिशवी टाकली, मग स्वतः उतरली, आणि खाटेवर ऐसपैस बसली.

"मावशी, ही गाडी नाही," मी म्हटलं.

"मले हाफ तिकीट हाय," ती म्हणाली.

"अवो, ही नाव हाय!"

"नाव असो का काही असो, बाईमाणसाले हाफ हाय. कूलरचे वेगळे पैसे देणार नाही."

तिला पाहून आणखी दोघं चढू लागले. तेव्हा कंडक्टर धावत आला. त्याने आम्हाला पाहिलं, घंटी वाजवली, आणि म्हणाला, "पुढे सरका, पुढे जागा हाय." राजेहो, पुढे नुसती हवा होती! पण वऱ्हाडातल्या माणसाला कंडक्टरने पुढे सरका म्हटलं की तो सरकतो. ते सारे पुढे सरकले. नावेचं तोंड वाकलं, दाव्याची गाठ करकरली...

"मेली काय माणसं?" जमुनाने तोंडावर पदर धरला.

"मरतात कशी? त्याच क्षणाले धरणाचं पाणी पुन्हा सुटलं. आम्ही पडलो ते बरोबर पाण्यावर. म्हातारीच्या मांडीवरची पिशवीसुद्धा हलली नाही. पुढच्या गावाले तिघाईले उतरवलं. म्हातारी उतरताना म्हणते, 'गाडी चांगली हाय, पण खिडकी पाहिजे होती.'"

आता महादेवराव रुमालाने डोळे पुसत होते. गजेंद्र हात वर करायचे विसरले होते. जमुना रोडगा जळू देत होती. आणि दामिनी? दामिनीचे खांदे हलल्यासारखे वाटले मला. पण मी म्हातारा माणूस, ऊन डोळ्यांवर, खात्री देत नाही.

"दादा," जमुनाने डोळे बारीक केले, "तुहा बुधाजी कुठी हाय? त्याले बोलाव. त्याच्या तोंडून आयकू दे."

"चिखलदऱ्याले गेला. हवापालटाले."

"जवा पाहिजे तवाच बरा जाते चिखलदऱ्याले!"

"त्याले मुका मार लागला होता, कूलरचा. आता तेच सांगून राहिलो. मधात बोलू नको."

कारण आता लग्नाचा दिवस उजाडला होता. सकाळी सकाळी आम्ही निंभोऱ्याच्या वळणावर आलो. धुक्याचे दिवस नव्हते, सगळं लख्ख दिसत होतं. हा तुमचा आंबा, ते देऊळ, आणि त्यापलीकडे मांडव! माझं काळीज असं भरून आलं. नवा फेटा मी पिशवीतून काढून डोक्याला बांधला. आरशात पाहायचं म्हणून माठात पाहिलं. म्हटलं, आता उतरतो, पोरीचा हात धरतो आणि असा मांडवात नेतो की नवरदेवाकडच्यांनी विचारावं, हा कोण राजा आला.

"बुधाजी, बांध नाव," मी म्हटलं.

"कायले बांधू?" बुधाजी म्हणाला.

त्याचा आता कशावरही भरवसा राहिला नव्हता. काठावर बाभूळ होती. तो म्हणे, वाळवी लागली असन. खुंटा होता. म्हणे, कोण्या म्हशीचं शिंग असन. एक खरा दगड होता, त्याला त्याने काठीने टोचून पाहिलं, आणि तरीही म्हणाला, "बेटा झोपला असन त?" एवढा वेळ चाललेल्या या तपासात नाव डोहात शिरली. तुमच्या गावाशेजारचा तो डोह. आणि डोहाच्या मधोमध कूलरची मान अडकली.

एका बाजूला अडकली. वारा तिरपा. तिरपा वारा म्हणजे काय होईल, जवाईबापू?

"गोल फिरन," गजेंद्र म्हणाले.

"गोल फिरली!"

गरगर नाही, सावकाश. ऐटीत. जत्रेतल्या पाळण्यासारखी. बुधाजीने कूलरला मिठी मारली, लाथा घातल्या, कूलरने त्याला पंख्याने परत मारलं. बटण बंद होईना. मला पोहता येत नाही, नवा फेटा भिजला असता ते वेगळं. आणि नाव फिरून फिरून मला मांडव दाखवत होती. मांडव समोर आला, तर बँडवाले आले होते. पाठ फिरली. पुन्हा समोर आला, तर नवरदेव घोड्यावरून उतरत होते. जवाईबापू, तुमचा एक पाय रिकिबीत अडकला होता की नाही?

"अडकला होता," गजेंद्र चमकून म्हणाले. "तुमी कसं..."

"पाहिलं ना मी! पुन्हा पाठ फिरली. पुन्हा समोर आला, तर अंतरपाट धरलेला, सारे घरच्या दाराकडे पाहून राहिलेले, अन् दारात कोणी नाही. मामा नाही. मामा डोहात. मी उठून उभा राहिलो, नाव डोलली, मी पर्वा केली नाही. जिवाच्या आकांतानं ओरडलो, 'थांबा! थांबा! मामा आला हाय! नत्थुजीले पकडू नका!' पुन्हा पाठ फिरली, तरी उलट्या तोंडानं ओरडत राहिलो. घसा फाटला, महादेवराव. तुमाले लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी भेटलो तवा माहा आवाज बसेल होता, होता की नाही?"

"होता बापा," महादेवराव म्हणाले. "शब्द फुटत नव्हता."

"हा पुरावा! पुन्हा समोर आला तर अक्षता उडून गेलेल्या. पुन्हा आला तर पंगत बसलेली, जिलबी वाढून राहिलेले. तेव्हा बॅटरी संपली."

मी थांबलो. विस्तव निवत आला होता. जमुनाच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं, आणि ते धुराचं नव्हतं. माझ्या बहिणीने मला माफ केलं होतं. पण मी तिच्यासाठी एवढी नदी ओलांडून आलो नव्हतो.

"दामिने," मी पाठीला म्हटलं, "इतका ओरडलो मी. बाकीच्याईले नसन आला, पण तुले त माहा आवाज आला असन, बेटा?"

विळी थांबली. दामिनी सावकाश वळली. डोळे लाल होते, रडून का हसू दाबून, कोण जाणे.

"आला," ती म्हणाली.

"पाहा!" मी खाटेवरून उठलोच. "म्हटलं नव्हतं मी?"

"बसा खाली. आवाज आला, मामा. मांडवात बँड होता, म्हणून तिकडे कोणाले नाही आला. पण मी आतल्या खोलीत बाशिंग बांधून बसली होती, अन् त्या खोलीची खिडकी नदीकडे हाय. सारं आयकू आलं. पण ते 'थांबा' नव्हतं."

"मंग काय होतं?" जमुनाने विचारलं.

दामिनीने भरतासाठी बाजूला ठेवलेलं एक अख्खं वांगं उचललं, देठाला धरून तोंडासमोर माइकसारखं धरलं, आणि हुबेहूब माझ्या आवाजात सुरू झाली.

"'और ये गेंद हवा में! पोट्टेहो, सरका बाजूले! और ये गया छक्का, सीधा नत्थुजी के गोठे में!' भोंग्यावर, मामा! नदीत पाण्याचा थेंब नव्हता. पात्रात बाहेरगावच्या टीमाईची टेनिस बॉलची फायनल होती, अन् तुमी सकाळच्या एस.टी.नं उतरून सीधे तिकडे जाऊन माइक धरून बसले होते! मी कोणाले सांगितलं नाही, म्हटलं मामाची इज्जत जाईन. तिकडे माहा मुहूर्त टळून राहिला होता, अन् मधातच तुमी म्हणे, 'माह्या भाचीचं, दामिनीचं, लगन लागून राहिलं, तिच्या नावानं एक छक्का होऊन जाऊ द्या!' अन् मामा, तो पोट्टा त्याच बॉलले आउट झाला!"